आधी तुमच्या नावावर

गाडी विकून वर्ष होत आलं होतं, तरी ती माझ्याच नावावर होती. हे मला धडपणे समजलं ते दारात पोलीस येऊन उभा राहिला तेव्हा. कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत पोलीस आला की निम्मे लोक गॅलरीत येतात आणि उरलेले खाली उतरतात.

"गाडी आपलीच ना? सिंहगड रस्त्यावर एका बाईच्या स्कूटरला धडक देऊन पळालीय."

मी शाळेत शिकवून निवृत्त झाले. उभ्या जन्मात सिग्नल मोडला नाही. त्या बाईचा हात मोडला होता, आणि कागदावर मोडणारी मी होते. गाडी विकल्याचं पटवून देताना चौकीत माझी सगळी मास्तरकी उतरली.

गाडी घेणारा धायरीचा. सौद्याच्या दिवशी वाकून पाया पडला होता. "मावशी, आबांस्नी डायलिसिसला न्यायचं हाय. रिक्षात लई हाल होत्यात त्यांचे." पैसे त्याने तिथल्या तिथे चुकते केले, त्यात खोट नव्हती. कोथिंबिरीच्या जुडीवरून हुज्जत घालणारी मी, आबांच्या नावाने विरघळले आणि नाव बदलायच्या कोऱ्या फॉर्मवर सह्या करून दिल्या. सगळे तसंच करतात म्हणे. वर आबांसाठी मागच्या सीटवरची उशीही दिली.

त्यानंतर माझ्या मोबाइलवर दंडाच्या पावत्या यायला लागल्या. मी फोन करायची, तो म्हणायचा, "होतंय मावशी, होतंय." पोलिसाचं प्रकरण त्याने त्या बाईच्या घरच्यांशी बोलून मिटवलं, पण नाव काही बदललं नाही. पुढे तर माझा फोनच उचलेना. सोसायटीत मात्र मी 'स्कूटरवालीला उडवणाऱ्या बाई' झाले. त्या दिवसांत मी त्याला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या, की एवढ्या मला येतात हेही ठाऊक नव्हतं.

मग एका दुपारी मोबाइलवर ओटीपी आला आणि पाठोपाठ त्याचाच फोन.

"मावशी, आकडा आलाय बघा. तेवढा सांगा, गिऱ्हाईक खोळंबलंय."

गिऱ्हाईक! तेव्हा डोक्यात उजेड पडला. आबा वगैरे सब झूट. हा गाड्यांचा धंदा करणारा. माझ्याच नावावर ठेवून गाडी 'पहिल्या मालकाची' म्हणून चढ्या भावात विकायची, म्हणून हे सगळं. पण आता नुसत्या सहीवर भागत नव्हतं, विकणारीच्या मोबाइलवरचा आकडा लागत होता. वर्षभर मी त्याच्या दारात उभी होते, आता तो माझ्या दारात आला होता.

"होतंय, होतंय," मी म्हटलं. "चष्मा शोधते."

ओटीपीची मुदत गेली. त्याने पुन्हा मागवला. मी पुन्हा चष्मा शोधला. तो माझ्या नाकावरच होता.

तिसऱ्या वेळी मी अट सांगितली: माझ्या घरी यायचं, गिऱ्हाइकाला घेऊन, आणि अर्ज माझ्यासमोर भरायचा.

संध्याकाळी दोघं आले. गिऱ्हाईक विदर्भातला, आयटीत नोकरी करणारा सरळ माणूस. त्याच्या पुढ्यात मी चहा ठेवला आणि दंडाच्या पावत्या ठेवल्या. चौकीची हकीकतही सांगितली, अगदी सावकाश, दहावीच्या वर्गाला सांगावी तशी.

"काकू, मला तर बाईंनी स्वतः वापरलेली गाडी म्हणून सांगितली होती न यांनी," तो म्हणाला. चहा अर्धा टाकून तो गेला.

धायरीकराचा चेहरा पडला. मला मनापासून आनंद झाला.

"मावशी, लई नुकसान केलं माझं तुमी."

"आबा कसे आहेत?" मी विचारलं.

त्याने गिऱ्हाइकाचा अर्धा कप उगाच बाजूला सरकवला.

"अर्ज भरा. गाडी आधी तुमच्या नावावर. दंड तुम्ही भरायचा. तेवढं झालं की मी आकडा सांगते."

माझ्या डायनिंग टेबलवर बसून त्याने स्वतःचं नाव घातलं, दंड भरला. या वेळी चष्मा लगेच सापडला.

आता ती गाडी मोबाइलवरच्या जाहिरातीत दिसते. 'दुसरा मालक' असं लिहावं लागलंय त्याला, आणि परवा किंमतही उतरवलीय. फोटोत मागच्या सीटवर माझी उशी दिसते. मी रोज सकाळी चहा घेताना ती जाहिरात उघडते. अजून विकली गेलेली नाही.