फळ्याच्या खालच्या रिकाम्या जागेत

"तुमच्या हृदयाला काहीही झालेलं नाही," वर्ध्याच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, आणि मला चक्क वाईट वाटलं. इतके दिवस छाती धडधडत होती, हातपाय गार पडत होते, श्वास पुरत नव्हता, ते सगळं मी काय हौसेनं करत होतो?

ई.सी.जी., म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख, स्वच्छ होता. डॉक्टरांनी केसपेपरवर 'अँक्झायटी न्यूरोसिस' असं लिहिलं. म्हणजे मनातली काळजी शरीरात उतरते, धोका नसतानाही शरीर धोक्याची घंटा वाजवत राहतं. थोड्या गोळ्या दिल्या. मग म्हणाले, "रोज थोडा वेळ मनात येईल ते लिहा. सुंदर नको, खरं लिहा. कुणाला दाखवू नका. झालं की फाडून टाका."

बाहेरच्या बाकावर प्रत्येक पेशंटसोबत कुणीतरी होतं, डबा धरून बसलेलं नाहीतर नुसतंच वैतागलेलं. माझ्या शेजारी माझी पिशवी होती.

आणीबाणी नुकतीच उठली होती. मी नाशिककडचा, वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीच्या एस.टी. स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून बदलून आलेला. लग्न झालं नव्हतं, आईवडील राहिले नव्हते. दिवसभर माणसं मला गाडी विचारत, गाडीखेरीज कुणी काही विचारत नसे. संध्याकाळी खोलीत शिरून आतून कडी लावली की धडधड सुरू. मरणाची भीती होतीच. त्याहून मोठी भीती ही, की मी मेलो तर ते शेजाऱ्यांना वासावरून कळेल.

डॉक्टरांचं ऐकून लिहायला बसलो, पण नोकरीनं हात बिघडवला होता. कागद पुढे आला की हात आपोआप लिही, 'महोदय, विषय : छातीत धडधड होत असल्याबाबत.' त्याखाली 'सविनय सादर'. स्वतःच्या भीतीकडेही मी अर्जच करत होतो. फाडण्याजोगंही त्यात काही नसे.

एका दुपारी फळ्याचं सुचलं. गाड्यांच्या वेळा खडूनं लिहायचा आमचा काळा फळा होता. फळ्यावर 'महोदय' कोण लिहितो? दोन गाड्यांच्या मधे स्टँड ओस पडला की मी खालच्या रिकाम्या जागेत एखादी ओळ लिही आणि लगेच पुसून टाकी. 'आज पुन्हा श्वास अडला.' 'आईची आठवण येते.' खोटं नाही सांगत, त्या संध्याकाळी धडधड जरा उशिरा येई.

एकदा ओळ लिहून झाली आणि पुसणार तोच आत फोन वाजला. तळेगावची गाडी वाटेत बिघडली होती. बोलणं लांबलं. बाहेर आलो तर तळेगावची माणसं फळ्यापुढे जमलेली. बाजारात संत्री विकून परत निघालेली एक म्हातारी, रिकामं टोपलं काखेत घेऊन, शेजारच्या तरुणाला म्हणत होती, "गाडीचं काय लिहिलं हाय, वाच ना बापू."

"गाडीचं नाई, मावशी. साहेबाचं लिहिलं हाय," तो म्हणाला आणि त्यानं मोठ्यानं वाचलं, "मी रात्री मेलो तर खोलीचं दार कोण फोडील?"

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मी पुढे होऊन बाहीनं ओळ पुसली, पांढरा फराटा राहिलाच. कान तापले होते. म्हातारीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मंग आतून कडी काऊन लावतं, बाबू?"

चोरीला जाण्यासारखं माझ्याकडे होतं काय? एक स्टो आणि दोन चादरी.

त्या रात्री मी दार नुसतं लोटून घेतलं. धडधड आली, पण थोड्या वेळानं गेलीसुद्धा. पुढे बाजाराच्या दिवशी ती म्हातारी गाडीची वेळ विचारायच्या आधी विचारायची, "कडी लावली नाई ना?" एवढंच आमचं बोलणं. त्या गावात माझी चौकशी करणारं ते पहिलं माणूस. तिचे उपकार मी विसरलेलो नाही.

एकटेपण काही एका प्रश्नानं संपलं नाही, आणि धडधड अजूनही कधीमधी येते. आता मला कागदावर लिहिता येतं, 'महोदय' गाळून. तुमच्यापैकी कुणाला हा त्रास असेल तर तुम्हीही लिहा. डॉक्टर म्हणाले तसं फाडून टाका, पुसून टाका. पण एखाद्या दिवशी पुसायला उशीर झाला, तर होऊ द्या.