पाच कोपऱ्यांवरचा पत्रा

सासऱ्यांनी खोली बांधायला काढली ती आमच्यासाठी, आणि मला विचारलं ते फक्त छताचं. ‘पाया झाला, भिंती झाल्या. आता वरचं तुमी दोघं ठरवा,’ ते म्हणाले. त्यांना मी मामा म्हणते. माणूस प्रेमळ आहे, तीच तर पंचाईत. भांडखोर असते तर मी कधीच बॅग भरली असती.

आमचं घर चाकण रस्त्याला लागून, गल्लीच्या तोंडाशी. तिथून हिंजवडीला पोचायला कंपनीची कॅब दोन-दोन तास घेते. लग्न ठरताना नवऱ्याने कबूल केलं होतं, दोन वर्षांत हिंजवडीजवळ फ्लॅट घेऊ. त्याला सहा वर्षं झाली. मी विषय काढला की तो ‘बघू’ म्हणतो. या वेळी बघता बघता घराच्या कडेला भिंतीच उभ्या राहिल्या.

जागा तरी कशी? एक बाजू रस्ता रुंद करताना तिरकी कापली गेलेली, दुसरी भावकीच्या वाटणीत वाकडी झालेली. पाच कोपरे, त्यांत एक काटकोनात असेल तर शपथ. मामांना स्लॅब हवा होता. आमच्याकडे स्लॅब टाकला की खांबांचे गज वर तसेच सोडतात, पुढेमागे मजला चढवायला. गल्लीतल्या प्रत्येक घरावर असे गंजके गज उभे आहेत आणि त्यांच्याखाली मुलगे, सुना, नातवंडं राहतात. ते गज पाहिले की माझा जीव घुसमटायचा. स्लॅब पडला की फ्लॅटचं नाव काढायची सोय राहिली नसती. एवढं पक्कं करून दिलं, आता निघालात कुठे, असंच सगळ्यांनी विचारलं असतं.

म्हणून मी पत्रा म्हणाले. पत्रा स्वस्त पडेल, लवकर होईल, असं काहीबाही कारण दिलं. खरं तर असल्या वेड्यावाकड्या जागेला स्लॅबच सोपा, हे मला कळत होतं. खरं कारण फक्त नवऱ्याला सांगितलं. पत्र्याची खोली म्हणजे तात्पुरती सोय, आणि तात्पुरत्या खोलीतून उठून जाता येतं. तो ‘हं’ म्हणाला.

मामांनी पहिली शंका पाण्याची काढली. ‘पानी कुनीकडं काढनार? आपली पागोळी भावकीच्या अंगनात पडली तर उद्या वकील बघावा लागंल.’ त्यांचं बरोबर होतं. दोन्हीकडे उतार दिला असता तर निम्मं पाणी चुलत सासऱ्यांच्या दारात गेलं असतं. मी गाड्यांच्या सुट्या भागांची डिझाइनं करते. रविवारी लॅपटॉप उघडून बसले. भावकीकडची भिंत आणखी चढवून उंच, आपल्या अंगणाकडची आहे तशी बुटकी, सगळा पत्रा एकाच उताराचा आणि पाचही कोपऱ्यांना बरोब्बर कापलेला. चित्र झकास झालं. इतकं, की ही खोली मला नको आहे हेच मी तासभर विसरले.

मामांनी ते चित्र गल्लीभर मिरवलं. ‘आमच्या सूनबाईनं आखलंय.’ मग घरी येऊन चष्मा लावला आणि उंच भिंतीवर बोट ठेवलं. ‘हितं चौदा फूट व्हत्यात? मंग मधी माळा टाकू. लेकरं झोपतील वर.’

आम्हाला अजून मूल नाही. पळवाट काढायला गेले आणि त्यांना माळा काढून दिला. त्या दिवशी मी जेवले नाही.

पत्रे चढवायचे होते त्या दिवशी मी रजा घेतली. फॅब्रिकेशनवाल्याने लोखंडी सांगाडा उभा केला आणि वरूनच विचारलं, ‘ताई, जोड नट-बोल्टचे ठिवू का वेल्डिंग मारू? नट असले तर पुढं कधी खोलता येतंय.’

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. नुसतं ‘नट’ म्हणायचं होतं. तेवढ्यात रस्त्यावरून कंटेनर गेला आणि भिंतीला टेकवलेल्या माझ्या हाताला थरथर लागली. असे कंटेनर दिवसभर जातात. थरथरीने नट कसे ढिले होतात, हे बघायचाच मी पगार घेते. दर काही महिन्यांनी कुणीतरी वर चढून ते आवळायला हवेत. आम्ही गेल्यावर कोण चढणार? सत्तरीचे मामा चढले असते, नाही म्हटलं तरी चढले असते.

‘वेल्डिंग करा,’ मी म्हणाले.

नवऱ्याने सुटकेचा श्वास सोडला. तो मला स्पष्ट ऐकू आला आणि मला त्याचा भयंकर राग आला. सहा वर्षांत त्याला एकदाही ‘नाही’ म्हणावं लागलं नव्हतं.

ऊन उतरल्यावर फॅब्रिकेशनवाला सामान आवरायला लागला. मी त्याला थांबवलं, शिडीवर चढले आणि एकेक जोड हाताने चाचपला. तीन कच्चे निघाले. ते परत पक्के करून घेतल्याशिवाय मी त्याला जाऊ दिलं नाही.