मावशीनं लिहून घेतलेलं उत्तर

कुसुममावशी गेल्याची बातमी मला पुण्याहून कळली. मावशी मलकापुरात राहायची, मीही मलकापुरातच वकिली करते, आणि तिचं घर कोर्टापासून चालत दहा मिनिटांवर... तरी शेजारणीनं आधी तिच्या मुलाला, प्रशांतला, पुण्याला फोन केला आणि मग प्रशांतनं मला. शेजारणीचा काही दोष नाही. दोन वर्षांत तिनं मला त्या घरात कधी पाहिलंच नव्हतं, तर माझी आठवण तिला कशाला होईल? माझ्या केसचा पुकारा नुकताच झाला होता. मी उठून तारीख मागितली. साहेबांनी कारण विचारलं, मी म्हटलं, मावशी वारली. समोर स्टेनोच्या खुर्चीवर बसलेल्या बाईंचे हात की-बोर्डवर थांबले. "कुसुमताई?" त्यांनी हळूच विचारलं. त्याच खुर्चीवर मावशीनं सगळी नोकरी काढली होती आणि या बाई तिच्याच हाताखाली शिकल्या होत्या. साहेबांनी तारीख दिली. मी कोट हातात घेऊन बाहेर पडले, आणि खरं सांगते, गेटपर्यंत पोचले तरी रडू आलं नाही. भीती वाटत होती. काहीतरी सांगायचं राहिलं होतं आणि ते ऐकणारं माणूस आता उरलं नव्हतं.

त्याआधी तीन आठवडे ती मला कोर्टाच्या गेटवर भेटली होती. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा म्हणून बँकेकडे निघाली होती. हातात पिशवी, डोक्यावर पदर, उन्हानं लाल झालेलं तोंड. "कशी हायेस वो वर्षे? वाळून गेली नं!" म्हणाली. मी घड्याळाकडे पाहत म्हटलं, "संध्याकाळी येते." ती म्हणाली, "येजो. आलू-वांग्याची भाजी करून ठेवतो." मी गेले नाही. काम होतं, हे खरं. पण काम नसतं तरी गेले नसते, हेही तितकंच खरं.

मी धामणगाव बढ्याची. बाबांचं तिथं शिलाईचं दुकान. आई मी लहान असतानाच गेली, त्यामुळे मावशी हीच आई, फक्त मलकापूरला राहणारी. सुट्टीत मी तिच्याकडे यायची आणि दुपारी डबा घेऊन कोर्टात जायची. साहेब उंचावर, त्यांच्या खाली मावशी, आणि बाजूच्या कठड्यात घाबरलेला साक्षीदार. जबाब संपला की तो साक्षीदाराला वाचून दाखवायचे, बरोबर आहे म्हणून त्याची सही घ्यायचे. एकदा एक माणूस धडधडीत खोटं बोलत होता, मला पोरीलासुद्धा ते कळत होतं. घरी आल्यावर मी म्हटलं, मावशी, तू त्याचं खोटं काऊन लिहिलं? ती चपात्या लाटता लाटता म्हणाली, "जे बोलला ते लिवाचं. खरं का खोटं, ते पाहाले साहेब हायेत. मी आपल्या मनचं लिवाले लागली त झालं मंग कल्याण!" हा तिचा धर्मच होता. समोरच्यानं जे सांगितलं ते अक्षरशः उतरवायचं, त्यात स्वतःचं एक अक्षर घालायचं नाही. घरातही तेच. कुणाच्या बोलण्याचा मागचा-पुढचा अर्थ लावणं तिला माहीतच नव्हतं. टोमणा मारला तर टोमणाही तिला माहितीसारखा वाटायचा.

बारावीनंतर मी वकिलीच्या मोठ्या प्रवेश परीक्षेला बसले आणि पेपर चांगला गेला. दुसऱ्या राज्यातल्या एका राष्ट्रीय विधी विद्यापीठात जागा मिळेल अशी आशा होती. तिथली पाच वर्षांची फी म्हणजे बाबांनी आणखी एक दुकान टाकून ते रात्रंदिवस चालवलं असतं तरी निघाली नसती. दुसरीकडे आपल्याकडची अनुदानित कॉलेजं, जिथली वर्षाची फी बाबा दिवाळीच्या शिलाईत भरू शकत होते. कोणतं घ्यायचं? बाबा म्हणाले, कुसुमला विचारू. आणि मावशीनं यादी लागायच्या आधीच रजा टाकून मला घेऊन दौरा काढला.

लोक कॉलेज पाहायला जातात तेव्हा इमारत पाहतात, लायब्ररी पाहतात, प्राचार्यांना भेटतात. मावशी कॉलेजकडे फिरकलीसुद्धा नाही. ती थेट त्या गावच्या जिल्हा कोर्टात जायची. बाररूमबाहेरच्या चहाच्या टपरीवर बाकडं धरायची आणि काळा कोट घातलेला कुणी तरुण दिसला की हाक मारायची. "बेटा, कोणत्या कॉलेजचा तू? पास होऊन किती वर्षं झाली? सिनियर पैसे देते का फुकट राबोते? उभं राहून बोलाले भेटते का नुसत्या फायली उचलतं?" आणि उत्तरं शॉर्टहँडच्या वहीत. अकोल्यात केलं, संभाजीनगरला केलं. पोरांना वाटायचं बाई भाचीसाठी स्थळ पाहायला आली आहे. अकोल्यात एकानं तर सरळ मला विचारलं, पत्रिका आणली का? मला तोंड कुठं लपवू असं झालं. मावशीनं मात्र तेही उतरवून घेतलं असणार!

शेवटी आम्ही त्या राष्ट्रीय विद्यापीठाच्या शहरात गेलो. दिवसभर कोर्टाबाहेर बसलो. तिथं शिकलेला एकही वकील सापडला नाही. एका म्हाताऱ्या वकिलानं हिंदीत सांगितलं, वहाँ के बच्चे इधर नहीं आते, बहनजी, वे सीधे कंपनियों में जाते हैं, मुंबई-दिल्ली. मावशीनं लिहून घेतलं. मी मात्र ते ऐकून आतून फुलले होते. कारण मला तेच हवं होतं. मला करार-मदार करायचे होते, मुंबईच्या उंच इमारतीत, एसीत बसून, इंग्रजीत. आणि धामणगाव बढ्यापासून खूप लांब.

यादी लागली. माझं नाव होतं. जागा घ्यायची की सोडायची हे सांगायला चार दिवस होते. मावशी धामणगावला आली. बाबा मशीनवर बसले होते, पायाखालचं पायडल थांबलेलं. मावशीनं वही उघडली आणि म्हणाली, "कॉलेजचं मंग पाहू. तुले व्हाचं काय हाय, ते सांग आंदी. त्याच्यावरून ठरन."

मी बाबांच्या गळ्यातल्या टेपकडे पाहिलं. मावशीच्या तोंडाकडे पाहिलं. मला वाटलं, ही बाई आयुष्यभर न्यायाधीशांच्या पायथ्याशी बसली, हिला काय ऐकायचं आहे ते काय सांगायला पाहिजे! मला वाटलं, हिचं ठरलेलंच आहे, हा फक्त विचारायचा उपचार. आणि मी म्हटलं, "न्यायाधीश."

तिनं लिहिलं. मग सवयीनं वाचून दाखवलं, "न्यायाधीश व्हाचं हाय. बरोबर?"

"हाव," मी म्हटलं.

पुढचं सगळं त्या एका शब्दातून सरळ येत गेलं. मावशी म्हणाली, ज्या कॉलेजची पोरं कोर्टात दिसतच नाहीत तिथं न्यायाधीश व्हायला कशाला जायचं? एवढ्या मोठ्या कर्जाचे हप्ते फेडायचे तर कंपनीतच जावं लागेल, मग परीक्षेचा अभ्यास कधी करणार? अकोल्याची पोरं कोर्टात उभी राहून बोलतात, तिथं मराठीत निकाल वाचायला शिकशील, फी बापाला झेपेल. आजही मी हा हिशेब तपासून पाहते तेव्हा त्यात चूक सापडत नाही. कुणालाही असाच सल्ला द्यावा इतका तो चोख आहे. फक्त तो माझ्यासाठी नव्हता.

मी अकोल्याला शिकले. खोटं बोलले होते म्हणून ते निभावणं आलं. न्यायाधीशाच्या परीक्षेला तीनदा बसले. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत गेले, तिथून पुढं नाही. ज्या गोष्टीची भूकच नाही ती ताटात घेऊन बसलं की काय होणार... दरम्यान माझ्याबरोबर त्याच यादीत नाव लागलेली जळगाव जामोदची एक मुलगी मुंबईच्या मोठ्या फर्ममध्ये लागली. तिचे फोटो मी रात्र रात्र बघत बसायची. दोन दिवाळ्यांपूर्वी मावशीच्या घरी फराळ करताना तिनं सहज विचारलं, पुढची परीक्षा कधी? माझा ताबा सुटला. मी म्हटलं, "तुझ्यापायी माझं वाटोळं झालं. एक कोर्ट सोडून तुला दुनिया माहीत नाही आणि निघाली होती माझं आयुष्य ठरवायला!" तिनं हातातला फराळाचा डबा खाली ठेवला. मग म्हणाली, "पण तूनंच त म्हटलं होतं वर्षे... वही हाय माह्यापाशी. वाचून दाखवू का?" तिच्या आवाजात राग नव्हता, ती खरंच विचारत होती, आपली काही चूक झाली का म्हणून. मी हातातली करंजी ताटात टाकली आणि निघून आले.

तेव्हा सांगता आलं असतं, की मावशी, उत्तरच खोटं होतं. त्यानंतरच्या कोणत्याही संध्याकाळी सांगता आलं असतं. पण दोष दुसऱ्याच्या पदरात टाकल्यावर फार हलकं वाटतं, आणि मला ते हलकेपण सोडवत नव्हतं. मला माझी लाज वाटते.

मागच्या रविवारी प्रशांतनं बोलावलं. घराचे कागद त्याच्या नावावर करायचे होते, त्याला वकील पाहिजे होता. मी मावशीच्या पलंगावर बसून कागद चाळत होते. दस्तावर बँकेचा एक जुना शिक्का होता. मी विचारलं, घर कधी गहाण होतं का? प्रशांत म्हणाला, "नाई नाई, गहाण नाई झालं. तुह्यासाठी नेले होते कागद आईनं. तुह्यी ते यादी लागली ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. कर्जाले तारण म्हणून. मी म्हटलं, आई, ती कुठी जाते ते तरी ठरू दे. त मले म्हणे, तिनं कंपनीत जाचं म्हटलं त? आपली तयारी पायजे. मंग धामणगावहून आली अन् म्हणे, पोरगी जज होतो म्हणते, जाऊ दे. कागद वापस आणले." आणि तो चहा ठेवायला आत गेला.

म्हणजे तिनं खरंच विचारलं होतं. तिच्या मनात काही ठरलेलं नव्हतं. मी जे म्हणाले असते ते तिनं लिहून घेतलं असतं, आणि त्यापायी हे घर गहाण टाकलं असतं.

समोर भिंतीला टेकून तिची खुर्ची होती, वेताची, पाठीला बारीक उशी बांधलेली. मी त्या उशीकडे बघत म्हटलं, "मावशी, मले कंपनीत जाचं होतं."

"काय म्हणतं वो?" प्रशांतनं आतून विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं.