एका टायमाला एकच

अर्धांगवायूनंतर वडिलांचा उजवा हात हलता राहावा म्हणून मी त्यांना घरातल्या जुन्या लिनक्स कॉम्प्युटरवर चेंडूचा एक गेम लावून दिला होता. एका अपडेटनंतर गेम उघडला की अख्खी स्क्रीन काळी पडू लागली. वडिलांनी माउसला हात लावणंच सोडलं. सगळे म्हणत होते, नवा कॉम्प्युटर घ्या.

पेठ गावाहून दुरुस्तीला आलेल्या बाईंनी मात्र ओढणी कमरेला बांधली. त्या एक सेटिंग बदलायच्या, गेम चालवायच्या, स्क्रीन गेली की वहीत फुली मारून मशीन पुन्हा सुरू करायच्या. अकरा फुल्या झाल्यावर मी म्हटलं, "ताई, राहू द्या आता."

"एका टायमाला एकच बदलायचं, भाऊ. न्हाईतर कशानं बिघडलं ते कळत नाय," त्या मान वर न करता म्हणाल्या.

मग त्यांनी स्क्रीनवर चित्र आणणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचा अपडेटआधीचा ड्रायव्हर प्रोग्राम परत घातला आणि गेम टिकला. मी आभार मानू लागलो, तर त्यांनी उठून वडिलांना खुर्ची दिली. "तुमी खेळा, बाबा. मी हाय हितं."

वडिलांनी उजवा हात माउसवर ठेवला. पहिला डाव ते हरले. बाई तिथंच उभ्या राहिल्या. दुसरा डाव वडिलांनी कुणी न सांगता सुरू केला, तेव्हा कुठं बाईंनी चपला पायात सरकवल्या.