जादा वजनाचं गणित

मुलगी बारावीत गेली तेव्हा आम्ही अमेरिकेत नोव्हायला राहत होतो. तिला स्टॅटिस्टिक्सचा साधा वर्ग घ्यायचा होता. जेवताना ती बेसबॉलमधल्या खेळाडूंच्या सरासऱ्या आम्हाला रंगवून समजावायची. पण शाळेत एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या, कॅल्क्युलसच्या ग्रेडला जादा वजन होतं. त्यातला 'बी' साध्या वर्गातल्या 'ए'इतका धरायचे. खूप चर्चा करून आम्ही तिघांनी कॅल्क्युलस ठरवलं.

ऑक्टोबरात एक कॉलेज बघायला गेलो. तिथल्या प्रवेश विभागातल्या बाई सहज म्हणाल्या, "शाळांनी दिलेलं जादा वजन आम्ही काढून टाकतो. मूळ ग्रेडच बघतो."

परतताना गाडीत मुलीने हळूच विचारलं, "बाबा, कॅन आय स्विच टू स्टॅटिस्टिक्स?"

वर्ग बदलायची मुदत केव्हाच संपली होती. मी तसं सांगितलं. ती "ओके" म्हणाली.

वर्षअखेर तिला कॅल्क्युलसमध्ये 'बी' मिळाला आणि त्याच कॉलेजात प्रवेशही. आता ती तिथे इतिहास शिकते, मजेत आहे. परवा फोनवर मी म्हटलं, "एखादा स्टॅटिस्टिक्सचा कोर्स घे की."

"नको बाबा," ती हसत म्हणाली, "मॅथ मला कधी जमलंच नाही."