नूरआपाची पहिली ईद

सांदणं फुगली होती. खैरुन्निसाने झाकण उचललं, वाफ तोंडावर घेतली आणि एकटीच हसली.

"झोया! उठलीस का गं?"

"दादी, आज सॅटर्डे आहे," आतून नातीचा आवाज आला. "प्लीज."

"आज माझी बहीण आहे."

झोया उठली.

बहीण म्हणजे नूरुन्निसा. खैरुन्निसाची थोरली, राहणार कराची. दोघींनी एकमेकींना शेवटचं पाहिलं ते बाणकोटच्या धक्क्यावर. खैरुन्निसा तेव्हा सात वर्षांची. नूर नवी नवरी. नवरा मुंबईत सरकारी कारकून. देश दोन झाले तेव्हा सरकारने आपल्या माणसांना विचारलं, इकडे की तिकडे? नव्या राजधानीत बढती लवकर मिळेल, असं त्याला कुणीतरी सांगितलं. तो तिकडे म्हणाला. बोटीत चढताना नूरने धाकटीचा गाल ओढला.

"रडू नको. पहिल्या ईदला येते."

लग्नानंतरची पहिली ईद मुलगी माहेरी करते. त्यांच्यात तशी रीतच. ईद आली. आईने सांदणं केली, नारळाचं दूध काढलं, नूरचा वाटा झाकून ठेवला. खैरुन्निसा उंबऱ्यावर बसून राहिली. संध्याकाळी आईने तो वाटा तिच्यापुढे ठेवला. तिने खाल्ला नाही. पुढे पत्रं यायची, पण प्रत्येक पत्रामागून पोलिसांचा माणूस यायचा. कोण लिहितं, काय लिहितं? अब्बा घाबरले. उत्तरं थांबली. मग पत्रंही थांबली.

येते म्हणाली आणि आली नाही. एवढंच खैरुन्निसाच्या मनात राहिलं आणि तिच्याबरोबर म्हातारं झालं.

नवरा सिराजुद्दीन जेद्दाच्या बंदरात कामाला. काही वर्षांसाठी म्हणून ती त्याच्यामागे इकडे आली. तो इथल्याच मातीत गेला. ती मुलाच्या, उमैरच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, राहिली. रत्नागिरीकडून मक्केच्या यात्रेला, उमऱ्याला येणारं कुणीही जेद्दाच्या अझीझिया वस्तीतल्या तिच्या घरी जेवल्याशिवाय परत जात नसे. प्रत्येकाला ती विचारायची, "कराचीतलं कुणी ओळखीचं?" लोक मान हलवायचे. ती आणखी भात वाढायची.

शेवटी झोयाने शोधलं. कराचीतल्या कोकणी लोकांचा व्हॉट्सॲप ग्रुप, त्यात बाणकोटचं नाव, त्यातून मुआज नावाचा मुलगा. नूरुन्निसाचा पणतू! पहिल्या व्हिडिओ कॉलला दोन्ही म्हाताऱ्या समुद्रापलीकडे ऐकू जावं तशा ओरडत होत्या.

"आपा, तुझे दात कुठं गेले?"

"तुझे कुठं आहेत, ते सांग आधी!"

त्या कॉलवर नूरआपाने काट्यांची गोष्ट सांगितली. कराचीला नवं सरकार बसलं तेव्हा बसायलाच काही नव्हतं. तंबूत कचेरी. खोक्यांची टेबलं. कागद होते, पण ते टाचायला टाचण्या नव्हत्या. मग सोळा वर्षांची नूर सकाळी बाभळीचे काटे तोडायची, नवरा ते डब्यात भरून न्यायचा.

"ऐक खैरू, अख्खा देश माझ्या काट्यांवर टाचलेला होता," ती म्हणाली. "बोटं बघ माझी!" आणि कॅमेऱ्यावर अंगठा एवढा जवळ आणला की पडद्यावर दुसरं काहीच दिसेना.

खैरुन्निसा हसली. पण तू का आली नाहीस, हे तिला विचारता आलं नाही. मध्ये इतकी माणसं होती.

आता नूरआपा उमऱ्याला आली होती. आज रात्री तिचं परतीचं विमान. ठरलं होतं असं की तिचा ग्रुप मक्केहून जेद्दाच्या विमानतळावर येईल आणि तिथे अर्धा तास भेट होईल.

"विमानतळावर उभ्या उभ्या?" खैरुन्निसा डबा भरत म्हणाली. "ती काय पार्सल आहे? धाकटीने थोरलीकडे जायचं असतं. उमैर, गाडी काढ. मक्केला जायचं."

"अम्मी, आधी फोन तरी करू दे."

"खबरदार! कळलं तर म्हणेल, त्रास घेऊ नका. तिचं मी ऐकायचं नाही आणि तिने मला सांगायचं नाही. यल्ला, चला!"

गाडी महामार्गाला लागली. डबा तिच्या मांडीवर, गरम. उमैर सावकाश चालवत होता, तिला तो बैलगाडी हाकतोय असं वाटत होतं. मक्केचे उघडे डोंगर दिसले तशी ती ओढणी सारखी करू लागली. एकदा केली, परत केली. झोया आरशातून बघत होती.

"दादी, रिलॅक्स!"

"तू रिलॅक्स. मला काय झालंय?"

हॉटेलच्या दारात गर्दी, बॅगा, चाकाच्या खुर्च्या. ग्रुपचा म्होरक्या घाम पुसत होता. उमैरने नाव सांगितलं. म्होरक्याने कपाळाला हात लावला.

"नूरुन्निसा माँजी? वो तो सुबह ही टॅक्सी से निकल गईं. परपोते के साथ. जेद्दा."

"जेद्दा में कहाँ?"

"बोलीं, मैके जा रही हूँ."

उमैर आणि झोया एकमेकांकडे बघत राहिले. झोयाने मागे कधीतरी मुआजला घराचा पत्ता पाठवला होता. खैरुन्निसाला मात्र काही विचारावं लागलं नाही. बाणकोटचं घर गेलं, आई-अब्बा गेले. थोरलीचं माहेर आता जिथे धाकटी असेल तिथे. आणि माहेरी जायला कुणी फोन करून विचारतं का?

"या अल्ला," ती म्हणाली. "मी दाराला कुलूप लावून आले!"

झोयाने स्पीकरवर फोन लावला. मुआज उचलेना. मग उचलला.

"झोया, हम लोग तो दरवाज़े पे बैठे हैं."

समोरच्या फ्लॅटमधल्या रेवाने, कराडकडची नर्स होती ती, रात्रपाळीहून येताना त्यांना पाहिलं होतं. तिने फोन घेतला. "काकू, मी आत या म्हणून हात जोडले. चहा केला. आजी ऐकतच नाहीत. म्हणतात, पहिलं पाणी माहेरचं. तुम्ही लवकर या हो."

"उमैर!" खैरुन्निसा एवढ्याने ओरडली की दरवान दचकला. "आता चालव माणसासारखा!"

परतीचा रस्ता तिला आठवत नाही. डबा तिने दोन्ही हातांनी धरला होता, एवढंच. पोरगी दारात आली आणि दार बंद. सगळा जन्म तिने उलटंच धरलं होतं. उंबऱ्यावर बसून वाट बघणारी आपण एकटीच, असं.

लिफ्ट उघडली. कुलूपबंद दारासमोर चाकाच्या खुर्चीत इवलीशी म्हातारी बसली होती. मागे मुआज, बाजूला रेवा, कपडेही न बदललेली.

"उशीर केलास," नूरआपा म्हणाली.

"मी? मी उशीर केला?"

खैरुन्निसा वाकली आणि वाकलेलीच राहिली. नूरआपाने तिचा गाल ओढला. नेमका तोच, डावा.

"चावी काढ, दादी," झोया नाक ओढत म्हणाली.

चावी उमैरकडे होती. उमैर खाली गाडी लावायला जागा शोधत होता.

रेवा आधी हसली. मग मुआज. मग सगळाच जिना.

तेवढ्या वेळात नूरआपाने सांगितलं. खैरुन्निसाने विचारलंच नव्हतं.

"ट्रंक भरली होती मी. तुझ्यासाठी बांगड्या घेतल्या होत्या. आणि ईदच्या तोंडावर हुकूम निघाला, परमिटशिवाय हिंदुस्तानात जायचं नाही. परमिट म्हणजे काय, ते देणाऱ्यालाही माहीत नव्हतं गं. देश नवा, माणसं नवी. हा त्याच्याकडे पाठवी, तो याच्याकडे. ईद झाली तरी ट्रंक मी उघडली नव्हती."

"मी तुझा वाटा खाल्ला नव्हता," खैरुन्निसा म्हणाली.

उमैर धापा टाकत आला. कुलूप निघालं. उंबऱ्याशी नूरआपाने खुर्ची थांबवली. "उठव मला." एका बाजूला पणतू, दुसऱ्या बाजूला बहीण. ती आपल्या पायांनी आत आली. पाणी प्याली. मक्केला जाऊन आलेली सांदणं गार झाली होती. तिने एक तोडलं, बराच वेळ बिनदाताच्या तोंडात घोळवलं.

"नारळ ताजा नाही."

"जेद्दाचा आहे. मिळतो तो."

"चालेल," नूरआपा म्हणाली आणि दुसरं उचललं.

जेवण झालं. रेवा तिथेच सोफ्यावर झोपून गेली. दुपार कलली तशी मुआज घड्याळ बघू लागला. खैरुन्निसाने उरलेली सांदणं फडक्यात बांधून दिली. माहेरवाशीण रिकाम्या हाताने जात नाही.

लिफ्टच्या दाराशी नूरआपाने तिचा हात धरला.

"रडू नको. ईदला येते."

"मागच्या वेळी हेच म्हणाली होतीस!"

दोघी अशा हसत सुटल्या की लिफ्टचं दार मिटलं, उघडलं, पुन्हा मिटायला लागलं, आणि झोया पाय घालून ते अडवत राहिली.