पोंक्ष्यांच्या दिवाणखान्यातला केनेडी

नाव: श्री. दिगंबर वामन पोंक्षे. वय: चौसष्ट. वास्तव्य: नेपरव्हिल, इलिनॉय. व्यवसाय: निवृत्त स्थापत्य अभियंता. सदर गृहस्थ मराठी मंडळाचे माजी अध्यक्ष असून जातिभेदाचे कट्टर विरोधक आहेत व त्या विषयावर त्यांनी मंडळाच्या व्यासपीठावरून वेळोवेळी प्रभावी भाषणे केली आहेत. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हत्येचे गाढे अभ्यासक. मते: ठाम.

मंडळाच्या स्मरणिकेत हा परिचय छापून आला तेव्हा मालिनीबाईंनी चष्मा वर करून विचारलं होतं, "मतं ठाम? कुठली? या वर्षीची?"

त्यांचं चूक नव्हतं. लोक गाड्या बदलतात तसे दिगंबरराव मारेकरी बदलत. सत्तरच्या दशकात क्युबा होता, मग माफिया आले, मग काही वर्षं खुद्द उपाध्यक्षांवर संशय होता. चौसष्ट सालचा सरकारी अहवाल म्हणतो, मारणारा एकटाच होता. एकोणऐंशी सालचा सरकारी अहवाल म्हणतो, बहुधा कट होता. दोन्ही अहवाल सरकारी, दोन्ही जाडजूड. आयुष्यभर सरकारी पुलांची कामं केलेल्या माणसाने कुठल्या सरकारवर विश्वास ठेवायचा?

नाद लागला तो त्रेसष्ट साली, अर्बानाच्या विद्यापीठात. चोविशीतला दिगंबर सप्टेंबरात शिकायला आला आणि नोव्हेंबरात या देशाचा अध्यक्षच मारला गेला. घरमालकीण टीव्हीसमोर बसून ढसाढसा रडत होती. माणूस गेलेल्या घरी चूल पेटत नाही एवढंच पोराला ठाऊक. म्हणून त्याने आईने बांधून दिलेल्या बेसनाचं पिठलं केलं, भात लावला आणि बाईंच्या पुढ्यात ताट ठेवलं. बाईंनी ते रडत रडत खाल्लं. तिखटाने रडल्या की दुःखाने, हेही दिगंबररावांना पुढे कधी नक्की सांगता आलं नाही. पण तेव्हापासून केनेडी घरचा झाला. आपण या देशात टिकलो ते त्याच्यामुळे, असं ते सगळ्यांना सांगत.

दोन हजार तीनच्या नोव्हेंबरात हत्येला चाळीस वर्षं झाली. टीव्हीवर आठवडाभर तीच मोटार, तीच गुलाबी कपड्यांतली त्याची बायको. आणि नेमक्या त्या शनिवारी दुपारी अबोली, त्यांची एकुलती एक लेक, रवीला घरी घेऊन आली. लग्न ठरवायलाच. रवी अर्बानालाच पीएचडी झालेला, आता पश्चिम किनाऱ्यावर बॉथेलला एका बायोटेक कंपनीत. आडनाव रामटेके.

आडनाव अबोलीने आठवड्यापूर्वी फोनवर सांगितलं होतं. दिगंबरराव म्हणाले होते, "छान. येऊ दे." आणि फोन ठेवून बराच वेळ फोनकडेच बघत उभे राहिले होते. का, ते त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं.

आजवर घरी आलेल्या प्रत्येक मराठी मुलाला त्यांनी आधी विचारलं होतं, "मूळचे कुठले? वडील काय करतात?" रवीला त्यांनी विचारलं, "गोळ्या किती, असं वाटतं तुला?"

"कसल्या, काका?"

"डॅलसला!" त्यांनी बटाटेवड्यांच्या बशीला मोटार केलं, मिठाची बाटली, म्हणजे गव्हर्नर, पुढे बसवली, केचप, म्हणजे केनेडी, मागे. "एकच गोळी या दोघांना सात ठिकाणी लागली म्हणतात. पटतं?"

"बाबा, प्लीज," अबोली म्हणाली. "नॉट टुडे."

"अगं, आज नाही तर कधी? पुण्यतिथी आहे."

रवीने केचपच्या बाटलीकडे नीट पाहिलं. "मी प्रोटीनवाला माणूस, काका. मला त्यातलं नाही कळत."

"पण तुमच्या घरी बोलणं होत असेल ना केनेडीबद्दल?"

"आमच्या घरी अमेरिकेचा विषय निघाला, की कोलंबिया युनिव्हर्सिटीचा निघायचा."

दिगंबररावांना अर्थात कळलं. कोण शिकायला गेलं होतं कोलंबियाला, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. "हो हो," ते घाईघाईने म्हणाले, "चांगली युनिव्हर्सिटी." आणि आपण हे काय बोललो, म्हणून त्यांचे कान तापले. ते परत केनेडीकडे वळले. "काळ्यांच्या हक्कांवर काय भाषण केलं त्याने! जून त्रेसष्ट!"

"भाषण चांगलंच होतं," रवी म्हणाला. "पण केलं अध्यक्ष झाल्यावर तिसऱ्या वर्षी. आणि कायदा झाला पुढच्या अध्यक्षाच्या हातून. तुम्ही इथे राहू शकलात त्या इमिग्रेशनच्या कायद्यावरही सही त्या पुढच्याचीच आहे ना?"

"त्याला वेळ मिळाला असता तर केलं असतं त्याने!"

"केलं असतंही. नसतंही. तेच तर कोणाला सांगता येत नाही."

तो शांतपणे बोलत होता, वड्याचा तुकडा मोडत. टोमणा होता की नाही, याचा दिगंबररावांना अंदाज येईना. ते मनात शोधू लागले, की हा मुलगा आपल्याला का खटकतोय. शिकलेला आहे, नोकरी आहे, अबोली त्याच्याकडे बघते तेव्हा तिचा चेहरा निवळतो. मग? कारण सापडेना. म्हणजे एक सापडत होतं. पण ते आपलं कसं असेल? आपण तर त्याविरुद्ध भाषणं केली आहेत. कोणी तरी दुसराच आत बसून हे करत असावा.

मालिनीबाई गरम वडे घेऊन आल्या आणि त्यांनी मिठाची बाटली उचलून जागेवर ठेवली. "अहो, चाळीस वर्षं झाली, गोळी कुठून आली ते राहू द्या. पोरगा विमानाने आलाय. त्याला हो म्हणायचंय की नाही, तेवढं सांगा."

"मी नाही कुठे म्हटलंय?"

"हो तरी कुठे म्हटलंत?"

"इट्स ओके, आई," अबोली म्हणाली, पण तिचा आवाज ओके नव्हता. "आम्ही लग्न करणारच आहोत. मला फक्त बाबा हवे आहेत तिथे."

टीव्हीवर मोटार पुन्हा वळणावर आली. दिगंबररावांनी रिमोट शोधला, तो त्यांच्याच मांडीवर होता. त्यांनी टीव्ही बंद केला. केनेडी नसलेल्या खोलीत काय बोलतात हे त्यांना काही केल्या आठवेना. त्यांनी घसा खाकरला.

"वडील काय करतात तुझे?"

रवीने बशी खाली ठेवली. "पोस्टात होते. रिटायर झाले. कामठीला असतात."

"कामठीला. उन्हाळा फार असेल."

"फार, काका."

"त्यांना मार्चच्या आत बोलाव मग," दिगंबरराव म्हणाले. "म्हणजे बोलणी करता येतील. बोलायला पाहिजे ना आम्ही?"

अबोली उठून त्यांच्या खुर्चीच्या हातावर बसली. मालिनीबाई चहा टाकायला आत गेल्या आणि आतच बराच वेळ राहिल्या.

लग्न जूनमध्ये शॉमबर्गच्या एका हॉलमध्ये झालं. दिगंबररावांनी समतेवर भाषण केलं, ते सगळ्यांना आवडलं. पुण्यातल्या थोरल्या भावाला त्यांनी लग्नाचं कळवलं, ते जुलैत.